रिपोर्टाची कोरी बाजू

समीक्षेला सहसा कादंबरी घेतात, कवितासंग्रह घेतात, फार तर एखादे आत्मचरित्र. मी इथे घेतला आहे तो एका पानाचा मजकूर. त्याला लेखक नाही, पण खाली सही असते. तो इंग्रजीत असतो, तरी शाहूवाडी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर घरोघरी पोचलेला आहे. पत्र्याच्या ट्रंकेत किंवा रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत तो जपून ठेवलेला असतो. हा मजकूर म्हणजे रक्ततपासणीचा रिपोर्ट, आणि त्यातही थायरॉईडचा.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. वय छप्पन्न, शिक्षण बाहेरून बी.ए. मलकापुरात राहून जात्यावरच्या ओव्या, जुनी कागदपत्रे असे काही ना काही गोळा करण्यात पंचवीस वर्षे गेली. कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, त्यात काय आहे आणि काय गाळले आहे ते पाहायचे, एवढीच माझी विद्या. ती या कागदाकडे वळवण्याचे कारण घरातलेच आहे.

जाऊबाईंचे तीन कागद

माझ्या चुलत जाऊबाई वाडीवर राहतात. सात वर्षांत त्यांचे तीनदा रक्त तपासले. तिन्ही वेळा टीएसएच मर्यादेत आला. तिन्ही वेळा वेगवेगळ्या ठिकाणी एकच वाक्य ऐकायला मिळाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका."

जाऊबाईंची तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी होती, "अंगातली हवाच गेल्यागत वाटतंय. सकाळी उठाय येत न्हाई. वैशाखात बी गारठा सुटत न्हाई." बोलणे संथ झालेले, चेहरा फिकट, भूक नाही. भांगलणीला गेल्या तर दोन ओळींत बसायच्या. आधी घरच्यांना काळजी वाटत होती. पहिला रिपोर्ट आल्यावर काळजीची जागा संशयाने घेतली. "रिपोट नॉर्मल हाय, मग हिला झालंय काय?" असे आधी चुलीपुढे, मग बांधावर आणि शेवटी तोंडावर बोलले जाऊ लागले. काहींनी बाहेरची बाधा ठरवली, काहींनी कामचुकारपणा. आजाराचा पुरावा म्हणून जो कागद आणायला गेलो, तोच त्यांच्याविरुद्धची साक्ष झाला.

एक छापील शब्द माणसाच्या बोलण्याला खोटे पाडू शकतो, तर त्या शब्दाची नीट झडती घ्यायला हवी, असे मला तेव्हा वाटले.

कागदाची रचना

या कागदावर चार रकाने असतात. तपासणीचे नाव, आलेला आकडा, एकक आणि संदर्भ मर्यादा. आकडा मर्यादेबाहेर गेला तर तो ठळक छापतात. इंग्रजी न येणाऱ्या माणसाने वाचावे असे त्यात एवढेच असते. आमच्याकडे बायका कागद पुढे करून विचारतात, "ठळक काय न्हाई न्हवं?" खरे सांगायचे तर घाईत असलेला डॉक्टरही बऱ्याचदा तेवढेच पाहतो.

पाचवा रकाना नाही. म्हणजे हे रक्त का काढले, बाईला काय होत होते, हे त्या कागदाला माहीत नसते. तपासणीची चिठ्ठी लिहितानाच "अंगातली हवा गेल्यागत" याचे "वीकनेस" झालेले असते आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो वीकनेसही गळून जातो. उरते ती नळी आणि तिच्यावरचा नंबर.

पण याच कागदाच्या तळाशी, बहुधा सहीच्या आसपास बारीक अक्षरांत, एक ओळ असते, "प्लीज कोरिलेट क्लिनिकली." म्हणजे हा आकडा रोग्याच्या लक्षणांशी ताडून पाहा. माझ्या मते सगळ्या मजकुरातले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य. माझ्या एकट्याने पुरते सांगता येत नाही, माझ्याबरोबर बाईलाही वाचा, असे तो कागद स्वतःच कबूल करतो. आपण ठळक अक्षरे वाचतो आणि बारीक अक्षरांतली कबुली सोडून देतो.

दोन आकड्यांमधली जागा

ही संदर्भ मर्यादा येते कुठून? निरोगी समजल्या गेलेल्या बऱ्याच माणसांचे रक्त तपासतात, आकडे ओळीने लावतात आणि मधले ९५ टक्के ठेवून दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के कापतात. उरलेला पट्टा म्हणजे नॉर्मल. याचा अर्थ व्याख्येनेच शंभरातली पाच निरोगी माणसे मर्यादेबाहेर पडतात. आणि आत असलेला प्रत्येक जण स्वतःच्या नेहमीच्या जागी आहे, असेही त्यातून ठरत नाही.

२००२ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी १६ निरोगी पुरुषांचे रक्त वर्षभर दर महिन्याला तपासले. प्रत्येकाचा आकडा आपापल्या अरुंद पट्ट्यातच फिरत होता आणि तो पट्टा छापील पट्ट्याच्या साधारण निम्माच होता. पायताणाच्या दुकानात सहा ते दहा नंबरांचे जोड ठेवले, म्हणून सातच्या पायाला नऊचा जोड बसेल असे कोणी म्हणत नाही. नॉर्मल हा दुकानाचा साठा आहे, पायाचे माप नव्हे.

ही मर्यादा काही दगडावर कोरलेली नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांमध्ये यावर जाहीर वाद झाला. टीएसएचची वरची मर्यादा साडेचारच्या आसपास होती. ती अडीचपर्यंत खाली आणावी असे एका पक्षाचे म्हणणे, आहे तीच राहू द्यावी असे दुसऱ्याचे. खाली आणली असती तर काल निरोगी असलेली असंख्य माणसे एका रात्रीत रोगी ठरली असती. गरोदरपणातल्या पहिल्या तिमाहीसाठी २०११ मध्ये अडीचची मर्यादा सुचवली गेली आणि २०१७ मध्ये ती चारच्या आसपास सैल करण्यात आली. शिवाय टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांनी काही पद्धतींतले आकडे चुकीचे येऊ शकतात. रक्त किती वाजता काढले आणि आदल्या दिवशी कोणती गोळी घेतली होती, याला मात्र कागदावर फारशी जागा नसते.

असे असले तरी या आकड्याने केलेले काम नाकारणे हा कृतघ्नपणा होईल. १८९१ मध्ये जॉर्ज मरे या इंग्लिश डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका सेहेचाळीस वर्षांच्या बाईला बरे केले; ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. तेव्हा औषध किती द्यायचे हे तिच्या अंगावरची सूज, नाडी आणि ती काय सांगते यावरूनच ठरवावे लागे. पुढे रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातला अत्यल्प संप्रेरकही मोजण्याची पद्धत शोधली. १९७७ मध्ये यालोंना नोबेल मिळाले. बर्सन त्याआधीच वारले होते. त्याच पद्धतीतून टीएसएच मोजता येऊ लागला आणि तेव्हा कळले की कित्येक रोग्यांना गरजेपेक्षा फार जास्त गोळी दिली जात होती. आकड्याने डॉक्टरांची चूक दाखवली. माझा आक्षेप आकड्यावर नाही. मोजता येऊ लागले तसे विचारणे कमी झाले, त्यावर आहे.

निरोप्याला विचारलेला प्रश्न

थायरॉईडचा रिपोर्ट म्हणून आपण बहुधा टीएसएच पाहतो, पण टीएसएच थायरॉईडमध्ये तयारच होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून निघतो. गळ्यातल्या ग्रंथीला "काम वाढव" असे सांगणारा तो निरोप आहे. रक्तात थायरॉक्सिन म्हणजे टी-४ थोडा जरी घटला तरी पियुषिका मोठ्याने ओरडते, म्हणून टीएसएच कैक पटींनी चढतो. त्यामुळे थायरॉईडचा बिघाड पकडायला हा निरोप्या फार चांगला.

पण निरोप पाठवणारी पियुषिकाच दुबळी झाली असेल तर? मग टी-४ खाली गेला तरी ती ओरडत नाही. टीएसएच मर्यादेतच दिसतो आणि कागदावर ठळक काहीच येत नाही. फक्त टीएसएच तपासला तर अशी बाई कागदावर धडधाकट ठरते.

जाऊबाईंना शेवटी कोल्हापुरात एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी तिन्ही कागद पाहिले, बाजूला ठेवले आणि विचारले, "शेवटच्या बाळंतपणात काय झालं होतं?"

सात वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. खरे तर आम्हा सगळ्यांना उत्तर ठाऊक होते. तिसरे बाळंतपण वाडीवरच झाले. पावसाची झड, ओढा चढलेला, गाडी येईना. रक्त इतके गेले की गोधडी पिळून टाकावी लागली. जाऊबाई वाचल्या, पण पान्हा फुटला नाही. मूल शेळीच्या दुधावर वाढले. पाळी पुन्हा आलीच नाही. "बरं झालं, कटकट मिटली," असे तेव्हा बायकाच म्हणाल्या होत्या, त्यांत मीही होते. काखेतले केस गळाले, ते तर कोणाला सांगण्यासारखेही वाटले नव्हते.

डॉक्टर हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. गरोदरपणात पियुषिका मोठी होते. बाळंतपणात अती रक्तस्राव झाला तर तिला रक्तपुरवठा पुरत नाही आणि तिचा भाग मरतो. पान्हा न फुटणे ही पहिली खूण. पुढे पाळी, थायरॉईड, कॉर्टिसोल अशी एकेक गोष्ट ओसरत जाते. हे इतके हळूहळू होते की आजार दहा-वीस वर्षे नुसता थकवा म्हणून वावरतो. काश्मीर खोऱ्यातल्या अभ्यासात, जो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, वीस वर्षांवरच्या बाळंत झालेल्या स्त्रियांत याचे प्रमाण सुमारे तीन टक्के आढळले, आणि त्यांतल्या बहुतेकींची बाळंतपणे घरी झालेली होती. आमच्या डोंगरपट्ट्यातल्या मागच्या पिढीच्या बायकांना हे वाचून आपलेच काहीतरी आठवेल.

जाऊबाईंचा टी-४ आणि कॉर्टिसोल तपासला, दोन्ही खाली. आधी कॉर्टिसोलची गोळी सुरू झाली, मग थायरॉक्सिनची. हा क्रम महत्त्वाचा आहे. कॉर्टिसोल कमी असताना नुसते थायरॉक्सिन दिले तर जीवावर बेतू शकते. तिसऱ्या महिन्यात जाऊबाईंनी शाल काढून ठेवली. प्लीज कोरिलेट क्लिनिकली याचे सबंध मराठी भाषांतर मला त्या डॉक्टरीणबाईंच्या एका प्रश्नात मिळाले.

दुसऱ्या बाजूची घाई

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे रिपोर्ट खोटे, लक्षणे खरी. थकवा असला की गोळी सुरू करावी. असे सांगणारेही आता पुष्कळ झाले आहेत. मराठीत थायरॉईडवरचे लेखन दोनच सुरांत चालते, असे माझे निरीक्षण आहे. एक सूर धीराचा, "काही नाही, मनाचे खेळ आहेत, चालायला जा." दुसरा भीतीचा, "नॉर्मल रिपोर्टवर विश्वास ठेवू नका." दोन्हींखाली पंधरा लक्षणांची तीच यादी असते. थकवा, केस गळणे, वजन वाढणे, विसरभोळेपणा. चाळिशी ओलांडलेल्या कोणत्या बाईला यातली चार लक्षणे नसतील?

या दुसऱ्या सुराची परीक्षा झालेली आहे. २००१ मध्ये स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांनी थायरॉईड कमी असल्यासारखी लक्षणे, पण तपासण्या नॉर्मल, अशा रोग्यांना काही आठवडे थायरॉक्सिन आणि काही आठवडे तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. कोणती कधी, हे रोग्यालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही. थायरॉक्सिनने जास्त बरे वाटले नाही. या रोग्यांची लक्षणे काही खोटी नव्हती. गोळी त्या लक्षणांच्या कारणाला लागू पडत नव्हती, इतकेच त्यातून कळले.

थायरॉईडचा आजार पक्का आहे, गोळी चालू आहे, टीएसएच मर्यादेत आला आहे आणि तरी बरे वाटत नाही, अशीही माणसे असतात. युरोपातल्या थायरॉईडतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये त्यांचे प्रमाण पाच ते दहा टक्के मानले. अशांना टी-४ बरोबर टी-३ ही द्यावा का, हा प्रश्न १९९९ मधल्या ३३ रोग्यांच्या एका अभ्यासाने पुढे आणला. तिथे फायदा दिसला, पण नंतरच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांत तो टिकला नाही. काही थोड्यांना उपयोग होत असेल का, यावर शोध चालू आहे.

माझ्या ओळखीच्या एका बाईंनी कोणाच्या तरी सांगण्यावरून दीडपट गोळी सुरू केली. महिनाभर उत्साह वाटला, मग छाती धडधडू लागली आणि झोप उडाली. गरजेपेक्षा जास्त थायरॉक्सिनने हृदयाची लय बिघडू शकते आणि पाळी गेलेल्या बायकांची हाडे ठिसूळ होतात. "रिपोर्ट नॉर्मल, घरी जा" म्हणणारा आणि "रिपोर्ट काहीही असो, गोळी घ्या" म्हणणारा, हे दोघे एकमेकांचे विरोधक दिसतात. पण पुढचा प्रश्न दोघेही विचारत नाहीत.

थकव्याचे दुसरे वाटेकरी

तो पुढचा प्रश्न म्हणजे, थायरॉईड नसेल तर मग काय? महाराष्ट्रात याची उत्तरे जवळच पडलेली आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक! पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांत बी-१२ तपासले, तेव्हा ६७ टक्क्यांत ते कमी निघाले आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. ज्यांच्या ताटात दूधदुभते असते त्या घरांतलेही हे आकडे. बी-१२ कमी असताना हिमोग्लोबिन नॉर्मल असू शकते. म्हणजे पुन्हा तोच ठळक न छापलेला कागद.

इथे मी माझे सांगते. मला थायरॉईड आहे, गोळी बारा वर्षे चालू आहे. टीएसएच छान असूनही तळपायांना मुंग्या, थकवा, शब्द न आठवणे. आमचे घर माळकरी. त्यामुळे बी-१२ तपासायला मीच सुचवले, ते फार खाली निघाले. आणि मी थायरॉईडची गोळी इतकी वर्षे चहाबरोबर घेत होते. ती उपाशीपोटी घेऊन चहापूर्वी अर्धा-एक तास जाऊ द्यावा लागतो, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास लांब ठेवावी लागते, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. बी-१२ च्या इंजेक्शनांनी मुंग्या गेल्या. थकवा निम्मा गेला. उरलेला निम्मा वयाचा आहे, पाळी जाण्याचा आहे, की सासूबाईंच्या आजारपणात झालेल्या जागरणांचा, ते ठरलेले नाही. त्याला मी अजून नाव दिलेले नाही आणि घाईने कोणाला देऊही देत नाही.

विचारण्याने काय घडते याचा महाराष्ट्रातला मोठा दाखला गडचिरोलीचा आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर त्या बायका कोणत्याही कागदावर आजारी नव्हत्या.

कोरी बाजू

आता या कागदाबद्दलचा माझा अभिप्राय. रिपोर्ट खोटे बोलत नाही. त्याला जेवढे विचारले तेवढ्याचेच तो उत्तर देतो. "टीएसएच किती?" असे विचारले तर टीएसएच सांगतो. "ही बाई बरी आहे का?" हे त्याला कोणी विचारलेलेच नसते, पण आपण उत्तर वाचतो ते या दुसऱ्या प्रश्नाचे. नॉर्मल हा शब्द आकड्याचे विशेषण आहे. तो आपण माणसाला लावला आणि तिथून पुढची सगळी गफलत झाली.

यात दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. बाहेर साठ माणसे बसली असताना बाळंतपणाची गोष्ट ऐकायला वेळ कुठून आणायचा, हा त्यांचाही प्रश्न खरा आहे. आणि आम्ही घरची माणसे? जाऊबाईंच्या त्या रात्री मी उशाशी होते. पान्हा न फुटल्याचे मला माहीत होते. तरी पहिला रिपोर्ट पाहून "नॉर्मल हाय की!" असे म्हणणाऱ्यांत मी होते. जुन्या कागदांतून गाळलेल्या ओळी शोधणाऱ्या मला, घरातली गाळलेली ओळ दिसली नाही.

रिपोर्टाची मागची बाजू बहुधा कोरी असते. हल्ली वाडीवरच्या बायका कागद घेऊन माझ्याकडे आल्या की मी तो उलटा करते आणि त्यांना बोलायला सांगते. कधीपासून होतंय, सकाळी जास्त की संध्याकाळी, बाळंतपणे किती, कोणत्या वेळी रक्त जास्त गेले, पान्हा आला का, पाळी कशी गेली, कोणत्या गोळ्या, कशाबरोबर घेता, झोप किती. "वीकनेस" लिहायचे नाही. त्या जे म्हणतील तेच शब्द लिहायचे. "हातपाय गळाल्यात" आणि "अंग मोडून आलंय" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओव्या लिहून घेताना जसा मी एकही शब्द बदलत नाही, तसा इथेही नाही. औषध मी सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. कागद घेऊन कोल्हापूरला जा आणि डॉक्टरांपुढे ठेवताना मागची बाजू वर ठेवा, एवढेच सांगते.

जाऊबाईंनी त्यांचे ते तीन कागद अजून टाकलेले नाहीत. मध्यंतरी मी ते मागितले, या लेखासाठी. देताना म्हणाल्या, "फुडल्या बाजूला काय बी न्हाई त्यात. मागल्या बाजूला लिव्ह."

तसेच केले आहे. या लेखाचा पहिला खर्डा त्या तीन कागदांच्या पाठीवरच लिहिला.